सौर पंप दोन दिवसांत बसला, विहीर कागदावर यायला हंगाम गेला (माझा अनुभव)

डिझेल इंजिन एकदाचं बंद झालं म्हणून लिहायला बसलोय. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून घेतला, आमचं क्षेत्र चार एकर त्यामुळं 5 एचपी मिळाला (अडीच एकरपर्यंत 3, पाच एकरच्या वर असेल तर साडेसात). पंपाच्या किमतीत आपला हिस्सा 10 टक्के, एससी एसटी शेतकऱ्यांना 5. फॉर्म ऑनलाइन, त्यात काही अवघड नाही, गावातला कुठलाही पोरगा भरून देतो.

अडकलो कुठं तर सातबाऱ्यावर. विहीर 1972 च्या दुष्काळात आज्यानं खांदलेली, अर्धं गाव तिच्यावर पाणी प्यालेलं, पण सातबाऱ्यावर तिचा पत्ताच नाही! आणि योजनेला पाण्याच्या सोर्सची नोंद पाहिजेच. तलाठी ऑफिसात गेलो तर म्हणले ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून पिकाची नोंद करतो ते अ‍ॅप) सिंचनाचं साधन विहीर टाका, काम होईल. टाकलं. अर्ज त्रुटीत परत. पुन्हा गेलो तर आता दुसरेच साहेब बसलेले, ते म्हणले पीक पाहणीची नोंद वेगळी, तुम्हाला सातबाऱ्यावरच्या इतर हक्काच्या रकान्यात विहीर लावावी लागंल, त्याला फेरफार (म्हणजे सातबाऱ्यात बदलाची नोंद) पाहिजे. मग हे पहिल्यांदा का नाही सांगितलं? बरं फेरफार म्हणजे अर्ज, मग नोटीस, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करणार. पण विहीर सामाईक, त्यामुळं चुलत्यांच्या सह्या. एक चुलत भाऊ पुण्याला कंपनीत, तो म्हणतोय दिवाळीला येतो तेव्हा बघू. मी म्हणलं दादा, दिवाळीपर्यंत रब्बी माझ्यासाठी थांबणार हाय का? शेवटी काकूनं त्याला फोनवर झापला तेव्हा रविवारी येऊन सही करून गेला. तरी नोंद पेंडिंगच, कारण साहेब इलेक्शन ड्युटीवर. बाहेरच्या बाकड्यावर बसून बसून तिथल्या चहावाल्याशी माझी चांगली ओळख झाली, काम मात्र तसंच. नोंद मंजूर झाल्याचं कोणी कळवलं नाही, मीच रोज 'आपली चावडी' ही फेरफार दाखवणारी सरकारी साइट उघडून बघत होतो, एका सकाळी दिसली. खरं सांगतो, मोसंबीला भाव मिळाल्यावर झाला नसंल एवढा आनंद झाला.

म्हणून ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी आधी सरकारच्या महाभूमी साइटवरून 15 रुपयात डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि विहीर किंवा बोअर दिसते का बघा. पाण्यात सामाईक असाल तर भावकीचं ना हरकत स्टॅम्पवर आधीच घेऊन ठेवा, भांडणं व्हायच्या आत.

पुढं सगळं सरळ. पैसे भरले, कंपनी निवडली, सर्व्हेला माणूस आला, विहिरीपाशी उभं करून फोटो काढला, माल आला आणि दोन दिवसात पाणी बाहेर. कंपनी निवडताना आपल्या भागात आधी कोणाचे पंप बसलेत आणि बिघडल्यावर माणूस येतो का ते विचारा, दुरुस्तीची हमी पाच वर्षांची असते पण यायला तर पाहिजे.

इंजिन तासाला लिटरभर पीत होतं, एक लिटर जळलं की जवळजवळ 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला तीनेकशे लिटर धरलं तर आठशे किलो झाला, फक्त चार एकरात. खिशाचं गणित तर विचारूच नका. ज्यांच्याकडं लाइट आहे त्यांना रात्रीच्या पाळीत साप-विंचवात मोटर चालू करायला जावं लागतं, तेही सुटतं.

ढगाळ दिवसात पाणी कमी येतं हे मात्र धरून चाला. पॅनल सकाळी गार असताना धुवा, आमच्याकडं धुरळा लई. आणि पाणी फुकट आलं म्हणून मोकाट सोडू नका, मी ड्रिप तसंच ठेवलंय, विहीर आटली तर पॅनल घेऊन काय करणार.

अन हो, फोन करून "तुमचा पंप मंजूर झाला, पैसे पाठवा" म्हणणारे लई आहेत, खोट्या वेबसाइट पण आहेत. पैसे फक्त योजनेच्या पोर्टलवरूनच भरा आणि पावती काढून ठेवा.