तोक्यो मोनोगातारी मराठीत, नोंद आठवी: 'डिसअपॉइंटिंग'चा पिच्छा सुटला

ओझू यांच्या 'तोक्यो मोनोगातारी' या जपानी चित्रपटाच्या तळओळी (सबटायटल्स) मी मराठीत करतो आहे. मागच्या नोंदीत मी त्याची शेवटची पंधरा मिनिटे दोन रविवारांत उरकण्याचे आश्वासन दिले होते, ते पाळता आलेले नाही. दिग्दर्शक ओझू आणि त्यांचे सहपटकथाकार नोदा यांनी ही अख्खी पटकथा १०३ दिवसांत आणि ४३ बाटल्या साकेच्या साथीने पूर्ण केली, अशी नोंद ओझूंच्या डायरीत असून जपानी चित्रपटांचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड रिची यांनी ती आवडीने उद्धृत केली आहे. मला दोन ओळींना अडतीस दिवस लागले, तेही नुसत्या चहावर.

त्या दोन ओळी कोणत्या, हे तुम्ही ओळखलेच असेल. ओनोमिचीतल्या घरी आईचे अंत्यसंस्कार उरकले आहेत, शाळेत निघालेली धाकटी क्योको थोरल्या बहिणीवर चिडली आहे, कारण आई जाऊन काही तास होतात न होतात तोच तिने आईच्या वस्तू मागितल्या. आणि नोरिको, म्हणजे युद्धात गेलेल्या भावाची बायको, तिची समजूत घालते आहे. क्योको म्हणते, "इया नेऽ, यो नो नाका त्ते", नोरिको हसून म्हणते, "सोऽ. इया ना कोतो बाक्कारी." रिची आणि एरिक क्लेस्टॅट यांनी पटकथेचे जे इंग्रजी भाषांतर केले आणि जे २००३ साली पुस्तकरूपाने आले, त्यातून आणि रिची यांच्या ओझूवरील १९७४च्या ग्रंथातून हा संवाद माझ्या डोक्यात 'डिसअपॉइंटिंग' या शब्दानिशी घट्ट बसला होता. (त्या ग्रंथाच्या जुन्या प्रतीबद्दल एवढेच सांगतो की, विक्रेत्याने 'उत्तम स्थिती' असे लिहून पाठवलेल्या प्रतीत एक अख्खा फर्मा गायब होता. बांधणीचा फोटो आधी मागवल्याशिवाय यापुढे पैसे पाठवणार नाही.)

त्यामुळे माझा पहिला मसुदा होता, "आयुष्य निराशाजनक असतं, नाही का?" वाचायला ठीक वाटते, परंतु वाक्य पडद्यावर राहते जेमतेम दोन सेकंद, आणि मी पहिल्या नोंदीपासून सेकंदाला बारा अक्षरांची मर्यादा पाळत आलो आहे. माझे साधन काना, मात्रा, हलन्त आणि मोकळी जागा हे सगळे सुटे मोजते, म्हणून या ओळीची संख्या ३१ भरते; डोळ्याला मात्र त्यात पंधराच अक्षरे दिसतात. देवनागरीसाठी ही मोजणी अन्यायकारक आहे, हे माझे जुने रडगाणे तुम्हाला पाठ असेल. या वेळी मात्र त्या अन्यायाने माझ्यावर उपकारच केले, कारण शब्द कापता कापता 'निराशाजनक' गेले, मग 'निराशा' गेली, आणि हातात काहीच न उरल्यामुळे मी प्रथमच इंग्रजी बाजूला सारून नुसता आवाज ऐकत बसलो.

'इया' हा शब्द जपानी मूल पालेभाजी पुढे आली की हट्टाने म्हणते तोच आहे. त्यात नकार आहे, किळस आहे, कंटाळा आहे, अपेक्षाभंग नाही. 'यो नो नाका' म्हणजेही आयुष्य नव्हे, तर माणसांची दुनिया, चारचौघांतला व्यवहार. 'डिसअपॉइंटिंग' म्हणायचे तर आधी कसली तरी अपेक्षा धरलेली असावी लागते आणि तिचा हिशेब मनाशी झालेला असावा लागतो. रिची यांनी एका त्रासलेल्या उद्गाराला अर्धे पाऊल तत्त्वज्ञानाकडे सरकवले आहे, असे माझे मत बनले आहे. ते समजण्यासारखेही आहे. ओहायोतल्या लायमा गावचा हा तरुण १९४७च्या सुमारास अमेरिकी ताब्यातल्या तोक्योत टंकलेखक म्हणून आला, फौजेच्या वृत्तपत्रात चित्रपटांवर लिहू लागला, १९५४पासून 'जपान टाइम्स'मध्ये लिहू लागला, आणि मधली काही वर्षे सोडली तर २०१३ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. 'मोनो नो अवारे', म्हणजे घडते ते खिन्न समजुतीने स्वीकारणे, हा त्यांच्या ओझूवाचनाचा कणा आहे आणि त्या कण्याला 'डिसअपॉइंटिंग' अगदी शोभून दिसते. शिवाय हा माणूस अस्खलित जपानी बोलत असला तरी लिहिण्यावाचण्यात कच्चा होता, म्हणजे एवढा सगळा संसार त्याने मुख्यतः कानावर उभा केला. माझे कांजी (जपानी चित्राक्षरे) वाचणे जिथे अडकते ते पाहता, या एका गोष्टीपुरता मी त्याला आपल्या पंगतीतला समजतो.

मराठीत 'इया'ला तंतोतंत शब्द आपल्या तोंडी रोज असतो, तो म्हणजे 'नको'. तोही हट्टी मुलाचा, तोही थकलेल्या बाईचा. 'नको झालंय' म्हणताना कुणी तत्त्वज्ञान सांगत नाही. हे लक्षात आले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, हे कबूल करतो. त्यानंतरही आठवडा गेलाच. 'नकोशी असते ना दुनिया' ही ओळ लयीला सुंदर होती, परंतु 'नकोशी' म्हटले की मराठी वाचकाला हेच नाव पदरी पडलेल्या मुली आठवतात, ज्यांची नावे बदलण्याचा समारंभ २०११ साली साताऱ्यात झाला. तो सगळा अर्थ क्योकोच्या तोंडी आपोआप आला असता. 'संसार' हा शब्दही मोहात पाडत होता, पण विधवा नोरिकोसमोर तो स्वस्त कोटीसारखा वाजतो. शेवटी नपुंसकलिंगावर स्थिरावलो:

"नकोसंच आहे ना, हे सगळं…"
"हो. नकोसंच सगळं."

दुसरी ओळ एवढी उघडीबोडकी ठेवायला मी घाबरत होतो. पण नोरिकोचे काम करणारी सेत्सुको हारा ती हसत म्हणते, आणि रिची ज्याला स्वीकार म्हणतात तो त्या हसण्यात आहे. चेहरा जे काम करतो आहे तेच शब्दालाही करायला लावले की तळओळ जड होते. त्यांच्या इंग्रजीशी माझे भांडण असलेच तर एवढेच आहे.

नात्यांच्या आघाडीवर मात्र सुख आहे. इंग्रजी तळओळींना छळणारे 'ओनेएसान' (थोरली बहीण आणि वहिनी, दोघींनाही चालणारी हाक) इथे सरळ 'वहिनी' होते आणि थोरल्या बहिणीला 'ताई' म्हणता येते. नोरिकोच्या तोंडी 'वन्सं' घालून पाहिले. काळाला धरून असले तरी तिसऱ्या मिनिटाला गडकऱ्यांचे नाटक पाहतोय असे वाटू लागले, म्हणून 'क्योको-सान'च ठेवले.

हे लिहीत असतानाच बेत बदलतो आहे. कुरोसावांच्या १९५७च्या मॅकबेथ-रूपांतराच्या क्रायटेरियन या कंपनीने काढलेल्या आवृत्तीत लिंडा होगलंड यांच्या आणि रिची यांच्या अशा दोन वेगळ्या इंग्रजी तळओळी एकाच तबकडीवर दिल्या आहेत, आणि दोन्ही आलटून पालटून पाहणे हा भाषांतर शिकण्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला मार्ग आहे. मग आपणही तसे का करू नये? एक ट्रॅक माझा 'नको'चा, आणि दुसरा रिची-क्लेस्टॅट यांच्या इंग्रजीला इमानाने धरून केलेला, 'निराशा'सकट. म्हणजे जानेवारीत फाइल देण्याचे वचन आता मार्चवर जाईल. जोडाक्षरे फुटू नयेत म्हणून दोन्ही ट्रॅक लिबॅस (तळओळी पडद्यावर मांडणारी संगणक-प्रणाली) वापरणाऱ्या प्लेअरमध्येच तपासा. टीव्हीच्या अंगभूत प्लेअरवर 'क्योको'ची जी दशा झाली ती दाखवण्यासारखी नाही.

आता पुढचा खडा 'कातामी' हा आहे, गेलेल्या माणसाची आठवण म्हणून ठेवायची वस्तू. क्योको ज्यावरून चिडते त्या कपड्यांनाही तोच शब्द आणि म्हातारे वडील नोरिकोला देतात त्या घड्याळालाही तोच, त्यामुळे मराठीतही एकच शब्द दोन्हीकडे चालला पाहिजे. 'आठवण' घातले की ते वस्तू राहत नाही, 'खूण' घातले की प्रेमपत्र वाटते. दोन्ही ठिकाणच्या ओळी सध्या पिवळ्या रंगात, म्हणजे अनिर्णीत, आहेत.