आघाडी हातात असताना घड्याळ कसं संपवायचं

अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलमध्ये (हातात चेंडू घेऊन पळण्याचा अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) सामन्याच्या शेवटी मी साइडलाइनवर चेंडूकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघतो. आपण आघाडीवर, चेंडू आपल्याकडे, चार-पाच मिनिटं बाकी. अशा वेळी आणखी गुण मिळाले तर उत्तमच, पण खरं काम वेळ खलास करण्याचं. कबड्डीत पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू ३० सेकंद रेंगाळून परततो, तसंच हे. फक्त इथे समोरच्याकडे घड्याळ थांबवायला टाइमआउट असतात, प्रत्येक हाफला ३.

म्हणून मी पहिल्यांदा विचारतो, त्यांच्याकडे टाइमआउट किती उरलेत? बाकीचा हिशोब त्यावर. एक प्ले, म्हणजे एक प्रयत्न, संपला की पुढच्या स्नॅपसाठी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ पुन्हा सुरू करायला, ४० सेकंद मिळतात. क्वार्टरबॅकने (स्नॅप हातात घेऊन आक्रमण चालवणाऱ्याने) गुडघा टेकून प्ले तिथेच संपवायला २ सेकंद लागतात आणि स्नॅप २ सेकंद राखून घ्यायचा, म्हणजे मधले ३८ आपले. त्यांच्याकडे एकही टाइमआउट नाही आणि २:०० ला आपला फर्स्ट डाउन (१० यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला पहिला) आहे असं धरा. पहिला गुडघा, १:५८. घड्याळ १:२० वर येऊ द्यायचं, दुसरा गुडघा, १:१८. मग ०:४०, तिसरा गुडघा, ०:३८. चौथा स्नॅप घ्यावाच लागत नाही. त्यांचा प्रत्येक टाइमआउट यातले ३८ सेकंद खातो. म्हणून माझ्या कार्डावर तीनच आकडे असतात: टाइमआउट नसेल तर २:००, एक असेल तर १:२०, दोन असतील तर ०:४०. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, दोन मिनिटं उरली की घड्याळ थांबवणारी सूचना असते, ती त्यांचा एक जादा टाइमआउटच समजायची.

बऱ्याच मैदानांवर प्ले क्लॉकचा, म्हणजे त्या ४० सेकंदांच्या घड्याळाचा, फलकच नसतो. तिथे क्वार्टरबॅकने बॅक जज या पंचाकडे बघायचं. १० सेकंद उरले की तो हात वर करतो आणि शेवटचे ५ हाताने मोजून दाखवतो. तिसऱ्या झटक्याला स्नॅप. त्याआधी घेतला तर वेळ फुकट गेला, उशीर केला तर ५ यार्डांचा दंड. शेवटच्या दोन मिनिटांत तर दंडानंतर घड्याळ थेट स्नॅपवर सुरू करायचं की नाही हे समोरचा संघ ठरवू शकतो. मुद्दाम दंड ओढवून घ्यायची हुशारी तिथे अंगाशी येते.

गुडघ्याची वेळ आली नसेल तेव्हा खरी कसोटी. ‘तीनदा पळा आणि पंट मारा’ (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्याला देऊन टाका) हे मला मुळीच पटत नाही. त्यांच्याकडे तिन्ही टाइमआउट असतील तर त्या तीन धावांत जेमतेम १५-२० सेकंद जातात आणि चेंडू त्यांच्याच हातात. एक नवा फर्स्ट डाउन मिळाला की सगळं गणित आपल्या बाजूने फिरतं. थर्ड डाउनला ५ यार्ड हवे असतील आणि त्यांच्याकडे टाइमआउट असतील, तर जवळचा पास टाकावा. तो चुकला तर त्यांचा एक टाइमआउट वाचतो, एवढंच नुकसान. टाइमआउट संपले असतील तर मात्र पळायचंच, कारण हुकलेला पास त्यांना ३८ सेकंद आयते देतो.

पळणाऱ्याला सांगायचं ते थोडक्यात: दोन्ही हात चेंडूवर, सीमारेषेच्या आत पडायचं, उठायची घाई नाही. गोलरेषा मोकळी दिसली तरी थांबावं लागतं, कारण ती ओलांडून टचडाउन केला की चेंडू पुन्हा त्यांच्याकडे जातो. १६ डिसेंबर २००७ ला फिलाडेल्फियाचा ब्रायन वेस्टब्रुक डॅलसविरुद्ध टचडाउन सोडून १ यार्डावर खाली बसला. डॅलसकडे टाइमआउट नव्हते, गुडघे टेकून सामना १०-६ असा संपला.

उलट उदाहरण फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलचं, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचं. अटलांटा २८-२० ने पुढे, साडेचार मिनिटांच्या आसपास बाकी, चेंडू न्यू इंग्लंडच्या २२ यार्डांवर. फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून ३ गुण) झाला असता तर आघाडी ११ ची. पण एक धाव १ यार्ड मागे, मग पासच्या प्रयत्नात क्वार्टरबॅक १२ यार्ड मागे पाडला गेला, वर होल्डिंगच्या (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याच्या) दंडाचे १०. चेंडू ४५ वर आणि पंट. लोक पासला शिव्या देतात. माझ्या मते, तो चेंडू वेळेत मैदानाबाहेर भिरकावून २३ यार्डांवरच राहता आलं असतं.

गुडघ्याच्या रचनेत क्वार्टरबॅक स्नॅप देणाऱ्या सेंटरच्या अगदी मागे, शॉटगनमध्ये (काही यार्ड मागे उभा) नाही. लाइनमन पायाला पाय लावून, दोन रनिंग बॅक दोन्ही बाजूंना खेटून आणि सर्वात वेगवान खेळाडू १०-१२ यार्ड मागे, चेंडू सुटलाच तर टॅकल करायला. ही सावधगिरी १९ नोव्हेंबर १९७८ नंतर रूढ झाली. न्यूयॉर्क जायंट्स १७-१२ ने पुढे होते, फिलाडेल्फियाच्या ईगल्सकडे टाइमआउट नव्हते, तरीही जायंट्सच्या क्वार्टरबॅकने गुडघ्याऐवजी हँडऑफ दिला, म्हणजे चेंडू पळणाऱ्याच्या हातात दिला. चेंडू सुटला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलून २६ यार्ड पळवला आणि जायंट्स १९-१७ ने हरले.

स्वतःच्या गोलरेषेजवळ असाल तर गुडघा नको. दर वेळी यार्ड-दीड यार्ड जातो, तिसऱ्याला सेफ्टी होऊ शकते, म्हणजे चेंडू घेऊन आपल्याच गोलरेषेमागच्या पट्टीत (एंड झोनमध्ये) अडकून समोरच्याला २ गुण. तिथे क्वार्टरबॅक स्नीक, म्हणजे क्वार्टरबॅकने स्वतःच चेंडू घेऊन पुढे घुसणं. चौथ्या डाउनला काही सेकंदच उरले आणि आघाडी ३ गुणांहून जास्त असेल, तर मात्र सेफ्टी मुद्दाम द्यायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये बाल्टिमोरचा पंटर सॅम कोक ३४-२९ अशा आघाडीवर एंड झोनमध्येच इकडेतिकडे फिरत राहिला आणि १२ सेकंदांचे ४ करून बाहेर गेला. २ गुण गेले, उरली फक्त सेफ्टीनंतर चेंडू समोरच्याला देणारी फ्री किक. ती उंच आणि लांब मारायची आणि अकराही जणांनी टॅकलला धावायचं.