साक्षीत न येणारे मार्ग

रविवार, सायंकाळ. ठाणे.

आज उपासनेनंतर साक्षी झाल्या, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केले ते काहींनी मंडळीपुढे उभे राहून सांगितले. एका तरुणाला व्हिसा मिळाला होता, एका कुटुंबाचे घोडबंदर रोडवरील घराचे कर्ज मंजूर झाले होते. ‘प्रभूने मार्ग दाखवला’ असे दोघांनीही सांगितले आणि मंडळीने मनापासून आमेन म्हटले. मीही म्हटले. परतताना रिक्षात मुलीने विचारले, “आई, ज्याचा व्हिसा नाकारला जातो, तो साक्ष द्यायला का उभा राहत नाही? त्याला प्रभू चालवत नाही का?”

प्रश्न सहज विचारलेला नव्हता. तिच्या हाती सध्या दोन नोकऱ्या आहेत, एक ऐरोलीतली आणि एक पुण्यातली, आणि प्रभूची इच्छा कोणती हे कळावे म्हणून ती गेले काही दिवस मनापासून प्रार्थना करीत आहे.

मार्गदर्शनाचा विषय निघाला की मला बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सोळावा अध्याय आठवतो, कारण तिथे अडलेल्या वाटांचा उल्लेख मोकळेपणाने केलेला आहे. येशूचा संदेश सांगत फिरणारा पौल आणि त्याचे सोबती रोमी साम्राज्याच्या आशिया प्रांतात वचन सांगू पाहतात, तर पवित्र आत्मा मना करतो. बिथुनियात जाऊ पाहतात, तर तिथेही जाऊ देत नाही. नकार का मिळाला, याचे कारण दिलेले नाही. अखेर त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो आणि ते समुद्र ओलांडून फिलिप्पैला पोहोचतात. एवढ्या स्पष्ट मार्गदर्शनानंतर तिथे लुदिया नावाची स्त्री विश्वास ठेवते हे खरे, पण त्याच गावात पौल आणि सीला यांना छड्यांचा मार बसतो आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले जातात. आपल्याकडे कोणी अशी हकिकत सांगितली असती, तर चार जणांनी नक्की म्हटले असते की दृष्टान्त समजण्यातच काही गफलत झाली असावी.

आणि आपल्या ठाण्याचेच पाहावे. पूर्वेकडे निघालेले फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे धर्मबंधू केरळातल्या कोल्लमला जाणार होते. वाऱ्याने त्यांचे जहाज ठाण्याला आणले. इथे 1321 साली तोलेंतीनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेले डोमिनिकन या दुसऱ्या संघाचे धर्मगुरू जॉर्डानस त्या वेळी दुसरीकडे गेले होते म्हणून वाचले, आणि सोबत्यांचे देह सोपाऱ्याला पुरण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. पुढे 1329 मध्ये पोपनी त्यांची नेमणूक कोल्लमचे बिशप म्हणून केली. ही कथा सांगताना ‘पाहा, शेवटी ते कोल्लमशी जोडले गेलेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो आवरावासा वाटतो, कारण ज्या चौघांचा प्रवास ठाण्यातच संपला त्यांचा हिशेब या वाक्यात बसत नाही, आणि तो वारा त्यांच्यासाठीही देवाच्या हातातलाच होता, असे मानल्याशिवाय माझ्या विश्वासाला अर्थ उरत नाही.

माझे वडील नगरहून वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरीला आले, तेही पुष्कळ प्रार्थना करूनच. त्यांच्या पवित्र शास्त्रात नीतिसूत्रे 3:6 समोर, ‘तू आपल्या सर्व मार्गांत त्याचा आदर कर म्हणजे तो तुझा मार्गदर्शक होईल’ या वचनाशेजारी, पेन्सिलीने ‘ठाणे’ असे लिहून रुजू झाल्याची तारीख घातलेली आहे. तिच्याखाली, त्याच वचनापाशी, कारखान्याला टाळे लागले त्या दिवसाची तारीख आहे. दोन्ही तारखांचे अक्षर सारख्याच ठेवणीचे आहे आणि पहिली नोंद त्यांनी खोडलेली नाही. पुढे बरीच वर्षे ते एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहीत असत. ती नोकरी त्यांना कधीच आवडली नाही, आणि ती आवडते असे दाखवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. प्रभूने आपल्याला ठाण्याला आणले, हे मात्र ते अखेरपर्यंत सांगत.

मग निर्णय घ्यायचा कसा? मुलीच्या एका मैत्रिणीने बायबलमधल्या गिदोनाने जमिनीवर लोकर पसरून तिच्यावरच्या दवाची खूण देवाकडे मागितली, तशी खूण मागायला सुचवले आहे. मला ते पटत नाही. गिदोनाने लोकर पसरली तेव्हा काय करायचे ते देवाने त्याला आधीच सांगितले होते. लोकर त्याच्या भित्रेपणासाठी होती, आणि देवाने ती सहन केली ही देवाची कृपा. त्यापेक्षा मला प्रेषितांच्या कृत्यांतल्याच, पहिल्या मंडळीच्या पुढाऱ्यांच्या यरुशलेममधल्या सभेची रीत जवळची वाटते. तिथे पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, याकोबाने शास्त्राचा आधार दिला, आणि मग पत्रात लिहिले गेले की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटले. ‘व आम्हाला’ लिहायला ते कचरले नाहीत. पगार, भाडे, माझ्या गुडघ्यांचे दुखणे, पुण्यातल्या कामात तिला असलेली गोडी, यांचा विचार करणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे मी तरी मानत नाही.

रात्री जेवताना तिला एवढेच सांगितले की पुण्याच्या कंपनीकडून शुक्रवारपर्यंत मुदत मागून घे, पाळकसाहेबांशी आणि पिंपरीच्या आत्याशी बोल, आणि माझ्याकडे कोण पाहील हा प्रश्न कारणांच्या यादीत हवा तर घाल, पण सर्वांत वर घालू नकोस. ती म्हणाली, “आणि तिथे गेल्यावर ते काम सुटलं तर?” मी म्हटले, “तर आजोबांच्या खाली तुझी तारीख लिहू. जागा आहे.” ती हसली, पण मुदतीची ईमेल अजून पाठवलेली नाही, उद्या सकाळी आठवण करायला हवी.