बाराच्या डिस्कवर बसला म्हणजे झालं, असं नाही

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस आमच्या टायरच्या धंद्यात गर्दीचे. वाईत दुकान असल्यामुळे पसरणी घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्या कायमच येतात, पण जूनमध्ये शाळेच्या व्हॅनची रांग लागते. त्या दिवशी एक जुनी ओम्नी आली. मालक-चालक एकच, वयाने मोठे, म्हणून मी त्यांना मामाच म्हणतो. मागच्या सीटवर तेरा इंची अलॉय चाकांचा सेट ठेवलेला. भाच्याने दिला होता.

"भाऊ, हे बसवून टाक. गाडीला जरा उठाव येईल."

मी आधी मागची बाजू बघितली. तिथे 145/70 आर 12 टायर होते, म्हणजे मारुती 800 चे. काही महिन्यांपूर्वी कुणीतरी स्वस्तात बसवून दिले होते. डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ती लोखंडी चकती, बारा इंचाची, टायरही बाराचा, मग अडचण काय, असा मामांचा सवाल. बऱ्याच जणांचा हाच समज असतो.

एक चाक खोलून टायर डिस्कवरून उतरवला आणि मामांना जवळ बोलावलं. बाहेरून नक्षी चांगली शिल्लक होती. आतून हात फिरवला तर बोटांना काळी भुकटी लागली. बगलेच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतल्या बाजूने गोल फिरत गेलेली एक खरखरीत पट्टी, जिथे रबर दुमडून दुमडून सोललं होतं. वजन पेलवत नसलं, की टायर प्रत्येक फेऱ्याला तिथेच मुडपतो, तापतो, आणि एक दिवस तिथूनच फुटतो. घाटात, मुलं भरलेली असताना हे झालं असतं तर? मामा बराच वेळ त्या भुकटीकडे बघत राहिले.

मग त्यांना बगलेवरचा, टायर किती वजन पेलतो ते सांगणारा सांकेतिक आकडा दाखवला. त्या टायरवर 69 लिहिलेलं, म्हणजे 325 किलो. मागच्या दोन्ही चाकांचे मिळून 650. ओम्नीचा मूळ टायर 145 आर 12 एलटी, म्हणजे हलक्या मालगाडीचा, जास्त वजन पेलणारा. त्यात 6 प्लायवर (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीची श्रेणी) 80 हा आकडा असतो, म्हणजे एका टायरला 450 किलो, दोघांचे 900. 8 प्लाय घेतला तर 86, म्हणजे 530 किलो. फरक किमान अडीचशे किलोंचा, आणि व्हॅनमध्ये मुलं, दप्तरं, डबे असा बोजा मागच्या पाट्यांवरच (स्प्रिंगांवर) येतो. शिवाय 800 चा टायर उंचीलाही साधारण 35 मिलिमीटरने कमी, त्यामुळे गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि स्पीडोमीटरचा काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो.

आता अलॉय. त्यावर 165/65 आर 13 टायर बसला असता तर उंची जवळपास मूळ टायरएवढीच आली असती, हे मान्य. पण चार बोल्टच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी धरली की कळतं. अलॉयचं माप 100 मिलिमीटर आलं, ओम्नीचं 114.3. बोल्ट भोकात जाणारच नाहीत. "भोकं मोठी करून घेऊ का?" मामांनी विचारलं. मी साफ नाही म्हणालो. ॲडॉप्टर लावूनही नको, कारण चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. आणि इतका रुंद टायर पूर्ण वळणावर पुढे आत घासण्याची शक्यता वेगळीच.

चारही चाकांना 8 प्लायचे एलटी टायर घातले. डिस्कच्या कडेला गंज होता, तो घासून काढला. एक डिस्क लवलेली निघाली, ती बदलली. जुन्या डिस्कवर ट्यूब घातल्या, कारण कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नव्हता. स्टेपनीचा तारखेचा चार आकडी शिक्का बघितला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ती बारा वर्षांपूर्वीची निघाली, तीही काढली. खर्च मामांच्या अंदाजापेक्षा बराच झाला. मी निम्मे पैसे नंतर द्या म्हणालो, आणि त्यात माझं काही उपकार नाही. घाटातून मुलं नेणाऱ्या गाडीला हे टायर परवडत नाहीत असं म्हणायची वेळ कुणावर यायला नको.

काढलेले दोन टायर मामा विकायला नेणार होते. मी त्यांच्यासमोरच बगलेला चाकू लावून ते कापले. थोडं बरं वाटलं नाही त्यांना, पण काही बोलले नाहीत. हवा भरली, नट आडवे-उभे क्रमाने आवळले आणि दोन-तीन दिवस चालल्यावर पुन्हा आवळायला या, असं सांगितलं. अलॉय त्यांनी भाच्याला परत केले.