युल-गोक १६-१७ अपडेट: कॅसेटमधला हात अखेर थांबला

मंडळी, सापडला! युल-गोक या आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) तायक्वांदोच्या ठरलेल्या फॉर्ममधल्या १६ नंबरच्या मूव्हमेंटचा हुक, म्हणजे तळव्याने करायचा हुकिंग ब्लॉक, ज्यावरून मी मागच्या अपडेटमध्ये एवढी रडारड केली होती, तो सापडला. आणि १७ च्या पंचाआधी हुक पूर्ण व्हायलाच हवा हे सरांचं म्हणणं फ्रेम बाय फ्रेम खरं निघालंय.

मागचं सगळं परत लिहीत बसत नाही, फक्त कोण कोण ते आठवून देतो. मोठे सर म्हणजे सरांचे सर, त्यांची एकच सेमिनारची व्हीएचएस कॅसेट आपल्याकडे आहे. मग आपले सर. आणि आता बॅच घेतो तो दादा, सरांचाच ब्लॅक बेल्ट. तिघांचं युल-गोक शेजारीशेजारी ठेवून वहीत तीन रकाने भरणं चाललं होतं आणि गाडी १६ वर अडकून बसली होती.

अडकली कशी ते सांगतो. १५ ला उजव्या तळव्याने हुकिंग ब्लॉक, १६ ला स्टान्स (पायांची ठेवण) न हलवता डाव्या तळव्याने, १७ ला उजवा पंच, आणि १६-१७ कनेक्टिंग मोशन, म्हणजे श्वास एक, साईन वेव्ह (शरीराचं वर-खाली होणं) एक, टेक्निक दोन. १८-१९-२० ला तेच दुसऱ्या बाजूने. आता दादाच्या बॅचमध्ये बघितलं तर १६ जवळपास गायबच आहे, डावा तळवा जाता जाता हवेतून फिरतो आणि तोवर पंच बाहेर पडलेला असतो. दिसतं झकास, ग्रेडिंगला कोणी हटकत नाही. सर मात्र दर वेळी ओरडतात, "अरे हुक पूर्ण कर, मग मार." त्यावर दादा शांतपणे म्हणतो, "सर, तुम्ही आम्हाला असंच शिकवलंय." दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत, म्हणून तर डोकं फिरलं होतं.

पुस्तकात बघा असं कोणीतरी लिहिलं होतं. बघितलं ना बाबांनो. आयटीएफचे संस्थापक चोई हाँग ही यांचा एन्सायक्लोपीडिया १५ खंडांचा आहे, पण फोटो आहेत ते बहुतेक टेक्निक संपल्यानंतरचे, आणि मजकुरात लिहिलंय की १६ आणि १७ कनेक्टिंग मोशनमध्ये करा. दोन फोटोंच्या मधे हात कुठे थांबला, थांबला का, ते त्यात येणार कसं. पाय किती लांब, किती रुंद, मागचा पाय किती अंश बाहेर हे पुस्तकातून नीट टिकलंय, कारण ते मोजता येतं आणि फोटोत दिसतं. मधलं मात्र फक्त माणसाकडून माणसाकडे येतं आणि घासतं तेही तिथेच. स्टान्सवरून भांडणारे ग्रुप भरपूर आहेत, हातांच्या वेळेवरून भांडणारा एक तरी दाखवा.

मग राहिली कॅसेट. ती ज्यांच्याकडून डिजिटल करून आणली होती त्यांनी (नाव घेत नाही, पण परत जाणार नाही) २५ फ्रेमची फाईल दिली होती, आणि १६ आलं की मोठ्या सरांचा डावा हात पंख्याच्या पात्यासारखा, एकाच्या जागी दोन अर्धपारदर्शक हात. मी गृहीत धरलं होतं की कॅसेटच खराब आहे. कॅसेट ठणठणीत आहे! पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) व्हीएचएसमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असल्या तरी प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एकाआड एक ओळींच्या, आणि त्या वेगवेगळ्या क्षणाच्या. म्हणजे सेकंदाला खरे ५० क्षण टेपवर आहेत. त्यांनी दोन-दोन फील्ड एकमेकांत कालवून एक फ्रेम केली होती. पाय, पट्टा, भिंत सगळं छान दिसतं कारण ते हलत नाही, आणि आपल्याला नेमकं पाहिजे ते हलणारं.

तर ओळखीतून एक एस-व्हीएचएस डेक मिळवला, हेड साफ करून घेतले, एस-व्हिडिओने साध्या यूएसबी कॅप्चरवर घेतलं, आणि महत्त्वाचं म्हणजे इंटरलेस्ड, म्हणजे फील्ड न कालवता, तसंच ठेवलं, लॉसलेस. फाईल राक्षसी होते, होऊ दे. मग एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये याडिफ हा फिल्टर, प्रत्येक फील्डची एक फ्रेम करणाऱ्या मोडमध्ये. पहिल्यांदा हात पुढे-मागे-पुढे असा थरथरायला लागला, कारण सॉफ्टवेअरने फील्ड ऑर्डर आपणहून उलटी धरली होती. ती फिरवली आणि मंडळी, हात थांबला!! सगळे सांगतात क्यूटीजीएमसी (याच कामाचा दुसरा फिल्टर) वापर, चित्र सुंदर येतं. येतं, पण ते आजूबाजूच्या फ्रेम बघून गुळगुळीत करतं, आणि मला सुंदर नकोय, मला खरं पाहिजे. लग्नाच्या कॅसेटला वापरा खुशाल.

किनोव्हिया या हालचाल मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी ट्रॅक केल्या: डोकं, डावा तळवा, उजवी मूठ. मोठ्या सरांचा तळवा १६ च्या शेवटी तीन फील्ड पूर्ण स्थिर आहे, म्हणजे साधारण ०.०६ सेकंद. त्या वेळी डोकं वर चढून सर्वात उंच जागी, उजवी मूठ अजून कमरेवरच. त्यानंतर शरीर खाली येतं आणि खाली येतानाच पंच. म्हणजे चढावर हुक, उतारावर पंच, आणि मधे टाचणीएवढी जागा. दादाचं मोबाईलवर २४० एफपीएसने घेतलं होतं, त्यात तळवा कधी थांबतच नाही, तो फिरत असतानाच उजवी मूठ निघालेली असते. सरांचं आत्ताचं शूटिंग मोठ्या सरांशी तंतोतंत जुळतं, या वयात! ते बघून माझ्या अंगावर काटा आला, सर फक्त म्हणाले, "मग मी काय बोलत होतो इतकी वर्षं?"

(साईन वेव्हवाले आणि साईन वेव्ह-विरोधी, कृपया इथे सुरू होऊ नका. सर दोन्ही करून दाखवतात, जुन्या कमरेच्या झटक्याने केलं तरी हुक आधी पूर्ण होतो. वाद वेगळा, हा मुद्दा वेगळा.)

पण मग दादा खोटं बोलतोय का? नाही, आणि इथे खरी मजा आहे. दादाला सरांनी शिकवलं ते मोठ्या बॅचमध्ये, काउंटवर, म्हणजे प्रत्येक मूव्हमेंटला हाक देऊन. १६-१७ ला एकच हाक असते. सर ती हाक ओढून देतात, तिच्या शेपटीत पंच बसतो. दादाची हाक तुटक आहे, एकदम "हप!" टाईप. पोरांनी दोन टेक्निक त्या तुटक हाकेत कोंबली आणि कोंबताना जे दबलं ते हुक. दादाने स्वतः कधी हुक काढून टाकला नाही, त्याच्या आवाजाने काढला. हे त्याला दाखवलं तर तो दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाला, "थांब, परत लाव." त्याच संध्याकाळी त्याने हिरव्या पट्ट्याच्या पोरांना हाक लांबवून दिली आणि कोणालाही काही न समजावता निम्म्या पोरांचा हुक परत आला. मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की कॅसेटवर आवाज पण आहे की! मोठे सर सेमिनारला स्वतः काउंट देतायत. दोन तास हे लिखाण बाजूला ठेवून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. हॉल घुमतो, खरखर आहे, पण १६-१७ ची हाक आजूबाजूच्या हाकांपेक्षा लांब आहे हे नुसत्या डोळ्यांना वेव्हफॉर्ममध्ये दिसतं. दान-गुन या फॉर्मच्या १३-१४ ला, जिथे कंटिन्युअस मोशन आहे, म्हणजे टेक्निक न थांबता एकामागे एक, हाक आणखी वेगळी, मधे हेलकावा आहे. म्हणजे मोशनचा प्रकार हाकेतच भरलेला होता आणि आपण व्हिडिओच्या मागे लागलो होतो.

त्यामुळे प्लॅन बदलला. पुढे तोई-ग्ये या फॉर्मचे सहा डब्ल्यू ब्लॉक (दोन्ही हात W सारखे) घेणार होतो ते राहू दे. आता आधी सरांचा नुसता आवाज: चॉन-जी ते चूंग-मू, नऊच्या नऊ तूल (फॉर्म), सर बसलेले, कोणी करून दाखवत नाहीये, फक्त काउंट. कॉलरचा वायरवाला माईक पुरतो, ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा येतो आणि व्हिडिओशी जुळवताना तेच नडतं. वहीत चौथा रकाना, "हाक". आणि पाचवा पण करावा वाटतोय, "सर कुठे थांबवतात", कारण सर करून दाखवतात त्यापेक्षा जास्त माहिती ते कोणाला कुठे अडवतात त्यात आहे. त्यासाठी वर्ग चालू असताना रेकॉर्डिंग लागेल, पालकांना विचारावं लागेल, बघू.

आणि को-दांग हा जुना फॉर्म. १९८० च्या दशकात त्याच्या जागी जुचे हा फॉर्म आला, त्यामुळे दादाच्या पिढीने ते शिकलेलंच नाही, सरांना ३९ च्या ३९ मूव्हमेंट येतात. तिथे जुळवायला दुसरा माणूसच नाही, म्हणून ते समोरून, बाजूने आणि आवाजासकट, १२० एफपीएसवर, कॅमेरा कमरेच्या उंचीला ठेवून. छातीच्या उंचीवरून घेतलं की गुडघ्याची स्प्रिंग चपटी दिसते, हे आधी सांगून झालंय.

कोणाकडे जुन्या सेमिनारच्या कॅसेट असतील तर एक काम करा, कन्व्हर्ट करून देणाऱ्याला आधी विचारा की फाईल ५० ची देणार का २५ ची. प्रश्न कळला नाही असा चेहरा झाला तर कॅसेट परत घ्या. आणि ज्यांचे सर १६-१७ ला एकच हाक देतात त्यांनी नुसता तेवढा ऑडिओ मला पाठवा, कोणत्या आयटीएफचे आहात ते पण लिहा (त्या नावाच्या तीन संघटना आहेत), तिन्हींकडचे मिळाले तर सोनं.