नरारा: पायी फिरून बघायची प्रवाळं

द्वारका-सोमनाथ करणारी आपली मंडळी जामनगरहून खंभाळियामार्गे थेट पुढे निघून जातात. त्याच वाटेवर वाडिनारच्या बाजूला आत वळलं की नरारा, कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा किनारा, जामनगरपासून साठेक किलोमीटर. इथे प्रवाळ बघायला डुबकी मारावी लागत नाही, पोहता यायचीही गरज नाही. ओहोटीला कच्छच्या आखाताचं पाणी इतकं मागे हटतं की खडकांचा सगळा पसारा उघडा पडतो आणि आपण घोटाभर, फार तर गुडघाभर पाण्यातून हिंडतो. सासूबाईसुद्धा साडी खोचून मजेत फिरल्या.

हॉटेल, गाडी नंतर ठरवा, आधी ओहोटीची वेळ बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त ओसरतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी ओसरतं तेव्हा, गेलात तर निम्मं पाण्याखालीच राहील. तिथीच्या पाऊणपटीने भरती काढायचा आपला कोकणी हिशोब इथे लावू नका. आखातात आत जावं तशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे तिथलाच तक्ता बघायचा आणि पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी फाटकावर हजर राहायचं. वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र जवळ ठेवा. स्थानिक वाटाड्या घ्याच. सपाट जागा असल्याने पाणी परतायला लागलं की बघता बघता पायाशी येतं.

पायात जुने, घट्ट बसणारे बूट हवेत. तिवरांजवळच्या चिखलात चप्पल रुतून बसते. पुढे वाळू लागते, मग खडक.

एका डबक्यात गोनिओपोरा नावाचं प्रवाळ दिसलं. बहुतेक प्रवाळांचे पॉलिप, म्हणजे प्रवाळ घडवणारे इवले जीव, रात्री बाहेर पडतात, हे भरदिवसा फुललेलं: लांब देठ, टोकाला झिरमिळ्या, सगळे पाण्याबरोबर डोलणारे. वाटाड्याने बोट न लावता नुसतं पाणी ढवळलं, तर अख्खा ताटवा आत ओढला गेला आणि खाली राहिला मळकट, खडबडीत धोंडा. लोक पाय देतात तो अशाच धोंड्यावर! गोलसर प्रवाळाची वाढ वर्षाला सेंटीमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी. एका बुटाने किती वर्षं मोडतात, हिशोब करा. म्हणून पाय फक्त वाळूवर टाकायचा. वाळू दिसत नसेल तर तिथूनच मागे फिरायचं.

इथली प्रवाळं तशी चिवट. गढूळ, खारट पाणी आणि उन्हाळा-हिवाळ्यातला तापमानाचा मोठा फरक ती सोसतात. पण सोसण्याला मर्यादा आहे. पॉलिपच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि ताप टिकला तर मरतं. जगभर असं विरंजन चालू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं, नोंदीतलं ते चौथं. पूर्वी याच आखातातून सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली जायची. १९८२ मध्ये इथे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. आज शेजारी वाडिनारला टँकरमधून खनिज तेल उतरतं. मोठ्या धोक्यांपुढे आपला बूट किरकोळ वाटेल. पण आपल्या हातात तेवढंच आहे, आणि सुट्टीच्या गर्दीत असे बूट शेकड्यांनी येतात.

एक गोष्ट मात्र खटकली. पुढच्या गटाच्या वाटाड्याने केंड मासा उचलला, तो टम्म फुगला, आणि फोटोसाठी हातोहात फिरला. केंड जिवावर बेतल्यावरच फुगतो. तुमच्या वाटाड्याला निघतानाच सांगा: काही उचलायचं नाही, बक्षिसी तरीही मिळेल. आमच्याकडे हे लगेच चाललं. ऑक्टोपस, खेकडे, गालिच्यासारखं पसरलेलं ॲनिमोनी (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), सगळं जागच्या जागी दिसलं, फक्त थोडं थांबावं लागलं. दगडी सांगाड्याची प्रवाळं आणि समुद्रकाकडी हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडाही खिशात घालू नका, मुलांचे खिसे तपासा.

सनस्क्रीन चोपडून पाण्यात उतरण्यापेक्षा लांब बाह्यांचा शर्ट आणि टोपी बरी. पाणी, खाऊ घरून न्या. थंडीचे महिने उत्तम. आदल्या दिवशी जामनगरला मुक्काम करा, संध्याकाळी खिजडिया अभयारण्यातले पक्षी बघा, सकाळी नरारा करून द्वारकेकडे निघा. पिरोटन बेटाला होडी आणि वेगळ्या परवानग्या लागतात, ते याच फेरीत कोंबू नका.