एका अक्षरासाठी अकरा दिवस

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि गुहागरातील आमच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या लिनक्स संगणकाचा लॅन पोर्ट जळाला. नवे नेटवर्क कार्ड कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) लगेच ओळखले. इंटरफेसचे (सिस्टिममधील नेटवर्क जोडणीचे) नाव मात्र ‘ईएनपी२एस०’ऐवजी ‘ईएनपी३एस०’ झाले, कारण हे नाव कार्ड कोणत्या पीसीआय बसवर (संगणकात कार्डे जोडणाऱ्या मार्गिकेवर) बसले आहे त्यावरून पडते. नेटवर्कच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ते बदलून घेतले.

खरे अडले ते ब्रॉडबँड कंपनीच्या चिपळूण येथील कार्यालयात. त्यांची सेवा ग्राहकाच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकाला) बांधलेली असल्यामुळे नवा पत्ता नोंदवणे भाग होते. “संगणक तोच आहे ना, मग पत्ता कसा बदलला?” असे खिडकीवर विचारण्यात आले. मॅक पत्ता संगणकाचा नसून कार्डाचा असतो, कार्डावरच्या चिपमध्ये साठवलेला तो ४८ बिटांचा पत्ता ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) वाचतो आणि कर्नलच्या हवाली करतो, हे समजावण्यात पहिली खेप गेली. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला हाताने भरलेला अर्ज घेतला गेला आणि संध्याकाळी नोंदणी झाल्याचा एसएमएस आला, तरी इंटरनेट सुरू झाले नाही. दुकानात अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरायला मुले ताटकळत होती आणि फोनवर “संगणक बंद करून चालू करा” हेच उत्तर मिळत होते.

केबलची जोडणी (लिंक) झालेली असल्याचे सिस्टिम दाखवत होती. टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावल्यावर आयपी पत्ता (इंटरनेटसाठी कंपनीकडून मिळणारा पत्ता) मागणारी आमची माहितीची पाकिटे बाहेर जाताना दिसत होती, पण उत्तराचे एकही पाकीट परत येत नव्हते. म्हणजे कार्ड आणि केबल दोन्ही बहुधा निर्दोष होते. मग तो एसएमएस पुन्हा उघडून त्यातल्या मॅक पत्त्याची दोन-दोन अक्षरांची एकेक जोडी ताडून पाहिली, तेव्हा पाचव्या जोडीतील ‘बी४’ची ‘८४’ झालेली आढळली. माझ्या हस्ताक्षरातला इंग्रजी ‘बी’ त्यांनी आठ वाचला होता.

खात्री करण्यासाठी मी इंटरफेस बंद केला (बऱ्याच ड्रायव्हरना तो चालू असताना पत्ता बदललेला चालत नाही), ‘आयपी लिंक’ या कमांडने तो चुकलेला पत्ताच कार्डाला दिला आणि इंटरफेस पुन्हा चालू केला. काही सेकंदांत आयपी मिळाला. त्या क्षणी झालेला आनंद मी विसरणार नाही. दुकान त्यावर चालले असते, पण हा बदल रीबूट होताच पुसला जातो आणि तसाच पत्ता नेटवर्कवर दुसऱ्या कोणाचा असल्यास दोघांचाही घोळ होतो, म्हणून मी दुरुस्तीचा आग्रह सोडला नाही. त्यासाठीही नवा अर्ज भरावा लागलाच.

कर्नल चालू पत्ता आणि कार्डाचा मूळ पत्ता वेगवेगळे जपतो; अर्जात लिहायचा पत्ता ‘इथटूल -पी’ या कमांडने दिसणारा मूळ पत्ताच असावा आणि तो हाताने न लिहिता छापून न्यावा. पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो सहसा सॉफ्टवेअरने तयार केलेला असतो. तो नोंदवू नये. शिवाय जुने कार्ड निकामी झाले असेल, तर नोंदणी बदलेपर्यंत त्याचाच पत्ता नव्या कार्डाला देऊन काम भागवता येते. मला हे पहिल्या दिवशी सुचले असते, तर मुलांचे हाल टळले असते.

अकराव्या दिवशी दुरुस्तीचा एसएमएस आला. तो अर्जाच्या प्रतीशी अक्षरन् अक्षर जुळवला, मगच संगणक रीबूट केला आणि कार्डाच्या मूळ पत्त्यावर इंटरनेट सुरू झाले.